ओजसच्या मधल्या नावाविषयी

प्रिय बाळ,

तुझं पत्र मिळालं. मुलाचं नाव 'ओजस' ठेवायचं जवळजवळ ठरलंय, पण "बाई, पुढे समीरचं नाव लावलं की कानाला खटकतं," असं तू लिहिलंस. तीस वर्षं वर्गात हजेरी घेतली, म्हणून हक्काने चार शब्द सांगते.

आपल्याकडे मधलं नाव निवडायचं नसतंच. ते वडिलांचं, आधीच ठरलेलं. निवडायचं ते पहिलं नाव, आणि ते मधल्या नावाला जोडून ऐकायचं. बारशाला आत्या बाळाच्या कानात एकटंच नाव सांगते, तेव्हा कुठलंही नाव गोड लागतं. शाळेच्या हजेरीत ते एकटं येत नाही. 'ओजस समीर' भरभर म्हण, दोन 'स' एकमेकांत मिसळून 'ओजसमीर' होतं. माझ्या वर्गात एक 'रोहन आनंद' होता. मी घाईत वाचलं की 'रोहनानंद' व्हायचं, मुलं हसायची आणि तो मान खाली घालून 'हजर' म्हणायचा. पुढे मी त्याच्या दोन नावांमध्ये मुद्दाम थांबायला लागले. हे मला पहिल्याच आठवड्यात सुचायला हवं होतं.

पण ओजसचा प्रश्न तूच सोडवतेस. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांसाठी महाराष्ट्र सरकारने क्रम ठरवून दिलाय: बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, मग आडनाव. दोन 'स'च्या मध्ये तुझं नाव आलं की दोघंही सुटे होतात. म्हणून बघ एकदा, आडनावासकट.

सासूबाईंना चार नावं लांबलचक वाटतात, असं तू लिहिलंस. त्यांच्याशी वाद घालू नकोस, पण तुझं नाव गाळूही नकोस. प्रवेशाच्या वेळी माझ्यासमोर बसलेली एक आई मला अजून आठवते. मुलीला तिने एकटीनेच वाढवलेलं. फॉर्मवर मुलीचं नाव झरझर लिहिलं आणि वडिलांच्या नावाच्या रकान्यापाशी पेन थांबलं. शाईचा ठिपका कागदावर पसरत गेला. "माझं लिहिलं तर चालेल का?" असं तिने इतक्या हळू विचारलं की मला पुढे वाकून ऐकावं लागलं. तेव्हा चालत नव्हतं. ते सांगताना मला फार वाईट वाटलं होतं.

मधलं नाव म्हणजे मूल कोणत्या घरचं, ते सांगणं. कुसुमाग्रज जन्माने गजानन रंगनाथ शिरवाडकर. काकांना दत्तक गेले आणि विष्णु वामन झाले. घर बदललं तसं मधलं नाव बदललं, आणि मराठीला 'वि. वा.' मिळाले. आईही त्या घरातलीच ना? मग तिचं नाव तिथे असणं मला तरी अगदी स्वाभाविक वाटतं.

आता कामाचं. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी, पण बाळाचं नाव त्याच वेळी द्यावं लागत नाही. नोंदणीपासून वर्षभरात ते विनाशुल्क घालता येतं. तेव्हा घाई नको, घरात आठवडाभर पूर्ण नावाने हाका मारून बघा. नाव द्यायला जाशील तेव्हा तुझं आधारकार्ड बरोबर ने आणि त्यावर आहे तसंच तुझं नाव लिही, मराठीत आणि इंग्रजीतही. एका दाखल्यावर 'दीपाली' आणि दुसऱ्यावर 'दिपाली', एवढ्या एका वेलांटीपायी दहावीच्या मुलांचे आईवडील प्रतिज्ञापत्रं करत धावताना मी पाहिलेत. दाखला हातात आला की खिडकीपाशीच उभी राहून अक्षर न् अक्षर वाच, मग घरी ये.

बारशाला नक्की येते. पाळण्याला लावायला लोकरीची फुलं विणायला घेतली आहेत.

तुझ्या,
बाई