बाळाची खोली आणि मल्टिस्टेटचे व्याज

लातूरच्या एका वाचकांचे सविस्तर पत्र आले आहे. ते बत्तीस वर्षांचे असून खासगी कंपनीत नोकरी करतात आणि त्यांना हातात ६२,००० रुपये पगार मिळतो. त्यांच्या पत्नी 'नीट' या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या खासगी शिकवणीत जीवशास्त्र शिकवून महिन्याला ३०,००० मिळवत होत्या. आता त्यांना सातवा महिना लागला आहे, शिकवणी थांबवली आहे आणि डोहाळजेवण उरकले की त्या पहिल्या बाळंतपणासाठी अंबाजोगाईला माहेरी जातील. नव्या घरात पश्चिमेकडे खिडकी असलेली दहा बाय बारा फुटांची एक खोली बाळासाठी राखून ठेवली आहे. तिच्या सजावटीसाठी इंटिरियर डिझायनरने ४,२०,००० रुपयांचे कोटेशन दिले असून २१,००० आगाऊ देऊन झाले आहेत.

प्रश्न असा आहे की डिझायनरने देऊ केलेले बारा महिन्यांचे 'नो कॉस्ट ईएमआय' घ्यावे, की बँकेचे १४ टक्क्यांचे, तीन वर्षांचे साडेतीन लाखांचे वैयक्तिक कर्ज घ्यावे. त्यांचा स्वतःचा कल कर्जाकडे आहे आणि त्याचे कारण त्यांनी असे दिले आहे : "एका मल्टिस्टेटमध्ये (अनेक राज्यांत काम करणाऱ्या सहकारी पतसंस्थेत) आमची ११ लाखांची ठेव १३ टक्क्यांनी आहे. तिचे व्याज महिन्याला साधारण १२,००० येते आणि कर्जाचा हप्ताही १२,०००च बसतो. म्हणजे हप्ता परस्पर फिटेल आणि खोली आम्हाला फुकट पडेल."

विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते लहान आहे. दोन्ही घेऊ नका. रोखीने पैसे दिल्यास डिझायनर २५,००० रुपये कमी करतो, असे तुम्हीच लिहिले आहे. ती सवलत सोडून दरमहा ३५,००० भरायचे, म्हणजे वर्षाला जवळपास १२ टक्के व्याज झाले. ते कोटेशनच्या रकमेत मिसळलेले असल्यामुळे वेगळे दिसत नाही, एवढेच. शून्य टक्के व्याज नावाची काही गोष्ट नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले होते. वैयक्तिक कर्जात तीन वर्षांत सुमारे ८०,००० रुपये व्याज जाईल. आणि १४ टक्क्यांनी कर्ज काढून ते १३ टक्क्यांच्या व्याजातून फेडणे याला फुकट म्हणत नाहीत.

पण खरी चिंतेची बाब ती ११ लाखांची ठेव आहे, जिच्याबद्दल तुम्ही काहीही विचारलेले नाही.

आज चांगली बँक मुदत ठेवीवर साडेसहा टक्क्यांच्या आसपास व्याज देते. तुमची मल्टिस्टेट १३ टक्के देते, म्हणजे शाखांचा खर्च आणि बुडीत कर्जे धरून तिला ती रक्कम १६ ते १८ टक्क्यांनी कोणाला तरी द्यावी लागत असणार. ज्याच्याकडे चांगले तारण आणि स्वच्छ कागदपत्रे आहेत, त्याला बँक ९ ते ११ टक्क्यांनी दारात येऊन कर्ज देते. मग १८ टक्क्यांनी कर्ज घेणारा कोण उरतो? ज्याला बँकेने परत पाठवले तो, किंवा संचालक मंडळाच्या जवळचा माणूस, ज्याला परत करण्याची घाई नसते. काही ठिकाणी तर जुन्या ठेवीदारांचे व्याज नव्या ठेवीदारांच्या पैशांतून दिले जाते आणि नवे लोक यायचे थांबले की शाखेचे शटर खाली येते. तुमची संस्था अशीच आहे, असे मी म्हणत नाही, कारण तिचा ताळेबंद मी पाहिलेला नाही. तो तुम्हीही पाहिलेला नाही आणि तरीही तुमची सगळी पुंजी तिथे आहे.

"संस्था केंद्र सरकारकडे नोंदलेली आहे आणि तिला आयएसओ प्रमाणपत्र आहे," असे शाखाधिकाऱ्याने सांगितल्याचे तुम्ही लिहिता. बहुराज्य सहकारी संस्था २००२ च्या कायद्याखाली केंद्रीय निबंधकाकडे नोंदल्या जातात, हे खरे आहे. पण त्या नोंदणीमुळे सरकार ठेवीची हमी घेत नाही, आणि आयएसओ हे कामकाजाच्या पद्धतीचे प्रमाणपत्र आहे, त्याचा ठेव सुरक्षित असण्याशी काहीही संबंध नाही. बँकेतील ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतील किंवा मल्टिस्टेटमधील ठेवीला एका रुपयाचाही नसतो. ठेव ठेवताना शंभर रुपये घेऊन तुम्हाला 'नाममात्र सभासद' (मताचा हक्क नसलेला) करून घेतले, असेही पत्रात आहे. नेमक्या अशाच सभासदांकडून ठेवी घेणाऱ्या संस्थांबद्दल रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला होता. २०२३ पासून बीड आणि छत्रपती संभाजीनगरमध्ये ठेवीदारांचे जे मोर्चे निघाले, त्यांतल्या अनेकांना आधी व्याज मिळत होते. म्हणून "आजवर एकदाही व्याज चुकले नाही" हे तुमचे वाक्य मला धीर देत नाही.

आता हे व्याज थांबले तर काय होईल, तेवढे पाहा. पगार ६२,०००, गृहकर्जाचा हप्ता २३,०००, घरखर्च ३२,०००, उरतात ७,०००. त्यातून १२,००० चा नवा हप्ता द्यायचा, तर दरमहा ५,००० कमी पडतील, आणि त्यात डायपर, औषधे, डॉक्टर यांचा खर्च धरलेला नाही. पत्नीची शिकवणी पुन्हा सुरू व्हायला मी किमान वर्ष धरतो.

त्या ११ लाखांच्या ठेवीतील सात लाख महामार्गात गेलेल्या जमिनीच्या मोबदल्यातील तुमचा वाटा आहे. आमच्या मराठवाड्यात मोबदल्याचे पैसे खात्यावर जमा झाले की आठवड्याच्या आत गोड बोलणारा माणूस ओसरीवर येऊन बसतो. एका विम्याच्या एजंटने तुम्हाला गाठले आहेच, त्याच्याकडे पुढे वळू.

ठेवीचे काय करायचे, ते सांगतो. सात लाखांची पावती तीन महिन्यांनी संपते, चार लाखांची चौदा महिन्यांनी. मुदतीची वाट पाहू नका. या आठवड्यात शाखेत जाऊन दोन्ही पावत्या मुदतीपूर्वी मोडण्याचा लेखी अर्ज द्या आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. दोन टक्के दंड कापला तरी तो २२,००० होतो; तो आनंदाने सोसा. पैसे आरटीजीएसने बँक खात्यातच घ्या. नव्या पावतीवर, अर्धा टक्का जादा व्याजावर किंवा "चेअरमनसाहेब आले की बघू" यावर उठून येऊ नका. हप्त्याहप्त्याने देतो म्हणाले, तर ते लेखी घ्या आणि पहिला हप्ता घेऊनच बाहेर पडा. चालढकल सुरू झाली, तर केंद्रीय निबंधक, २०२३ च्या दुरुस्तीने आलेला सहकार लोकपाल आणि पोलिसांची आर्थिक गुन्हे शाखा असे मार्ग आहेत; ठेवीदारांच्या संरक्षणासाठी राज्याचा १९९९ चा कायदाही आहे. हे सगळे मार्ग मंद आहेत, म्हणून घाई आत्ताच करायची.

पैसे आले की ते किमान तीन बँकांत विभागून ठेवा, म्हणजे प्रत्येक ठिकाणची रक्कम व्याजासह ५ लाखांच्या विम्यात बसेल. साडेसहा टक्क्यांनी महिन्याला ६,००० मिळतील. १२,००० ची सवय लागल्यावर हे कमी वाटेल, पण वरचे ६,००० हे व्याज होते की तुमच्याच मुद्दलाचा तुकडा होता, हे तुम्हाला आजही ठाऊक नाही. साडेतीन लाख अडीअडचणीसाठी राखा आणि बाळंतपणासाठी एक लाख वेगळे काढा, कारण सिझेरियन झाले तर खासगी रुग्णालयात कंपनीचा आरोग्य विमा सगळे बिल भरेलच असे नाही. वर्षभराने पत्नीचे काम सुरू झाले की उरलेल्यातील मोठा भाग गृहकर्जात भरा.

आता तो एजंट. बारशाच्या दिवशीच बाळाच्या नावाने पॉलिसी काढायची, पंधरा वर्षे दरमहा ५,००० भरायचे आणि विसाव्या वर्षी १८ लाख मिळतील, "नऊ लाखांचे दुप्पट", असे त्याने सांगितले आहे. हा परतावा वर्षाला पाच टक्क्यांच्या थोडा वर जातो. तेवढेच पैसे पीपीएफमध्ये (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीत) आजच्या ७.१ टक्के दराने ठेवले, तर बावीस लाखांच्या आसपास होतात. सहा टक्के महागाई धरली, तर वीस वर्षांनंतरच्या १८ लाखांची किंमत आजच्या साडेपाच लाखांएवढी आहे, आणि लातूरमध्ये राहून शिक्षणाचा खर्च काय असतो हे तुमच्या घरात शिकवणी घेणाऱ्या बाईंना विचारा. विमा बाळाचा काढायचा नसतो, कमावत्या माणसाचा काढायचा असतो. तुमच्यावर २६ लाखांचे गृहकर्ज आहे आणि पत्रभर मुदत विम्याचा (टर्म प्लॅनचा, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तर कुटुंबाला रक्कम देणाऱ्या विम्याचा) शब्द नाही. साठाव्या वर्षापर्यंतचा एक कोटीचा टर्म प्लॅन तुमच्या वयाला वर्षाला १२ ते १४ हजारांत मिळतो, आणि सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक विम्याच्या हप्त्यावर जीएसटीही नाही. पॉलिसीची सही नको, टर्म प्लॅनचा अर्ज या महिन्यात करा. मुलगी झाली तर सुकन्या समृद्धी खाते उघडा. त्यावर आज ८.२ टक्के व्याज आहे.

एवढे झाल्यावर खोलीकडे येतो, आणि तिथे माझा विरोध खर्चाला नसून क्रमाला आहे. पहिलटकरीण माहेरी गेली की सव्वा महिना तर कोणी हलू देत नाही आणि बहुधा तीन-चार महिने तिथेच जातात. लातूरला परत आल्यावरही बाळ त्या खोलीत झोपणार नाही आणि झोपूही नये. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा २०२२ चा सल्ला आहे की पहिले किमान सहा महिने बाळ आईवडिलांच्याच खोलीत, पण वेगळ्या, सपाट आणि घट्ट गादीवर झोपवावे. भोवती उशा, लोड, मऊ खेळणी नसावीत. तुमच्या कोटेशनमध्ये पाळण्याच्या कठड्याला बांधायच्या गुबगुबीत गाद्या आहेत. त्यांच्या विक्रीवर अमेरिकेने २०२२ मध्ये कायद्याने बंदी घातली. आपल्या घरांत मूल चार-पाच वर्षांचे होईपर्यंत आजीच्या किंवा आईच्या कुशीतच झोपते, ते वेगळेच.

कोटेशनमधील ओळी पाहा. तारे चमकणारे फॉल्स सीलिंग ४५,०००, भिंतीवरचे चित्रमय वॉलपेपर ३०,०००, छतापर्यंतचे कपाट १,१०,०००, पाळणा ४८,०००, कपडे बदलण्याचे टेबल ३८,०००, झुलती खुर्ची ३२,०००, अभ्यासाचे टेबल व पुस्तकांची मांडणी ५५,०००, पडदे, गालिचा, दिवे, तोरणे ३७,००० आणि डिझायनरचे शुल्क २५,०००. अजून जन्मालाही न आलेल्या मुलासाठी अभ्यासाचे टेबल! त्या टेबलाची उंची पहिलीत पुरेल, तर चौथीत पुरणार नाही. कपडे बदलण्याच्या टेबलाचे काम जमिनीवर अंथरलेली दुपट्यांची घडी करते, आणि बाळाला तेल लावणारी आजी पाटावर पाय पसरून बसणार आहे, ती उभ्याने टेबलावर काही करणार नाही. डिझायनरने परी असलेली गुलाबी आणि रॉकेट असलेली निळी अशी दोन चित्रे दिली असून "बाळ झाल्यावर ठरवू" असे म्हटले आहे. मुलगी झाली तर तिला रॉकेट का नको, हे मला कळले नाही. शिवाय चौथ्या वर्षी मूल स्वतःची आवड सांगू लागते, तेव्हा ३०,००० चा वॉलपेपर खरवडावा लागतो.

आणि ४,२०,००० च्या या कोटेशनमध्ये डासांच्या जाळीची एकही ओळ नाही. पश्चिमेच्या खिडकीतून एप्रिल-मे मध्ये जे ऊन आत येईल, त्यासाठीही झिरझिरीत पडद्यांपलीकडे काही नाही.

आज एवढेच करा. भिंती-छत मिळून पाचशे चौरस फूट पाण्यावर आधारित, कमी वासाचा फिकट रंग : १२,०००. घरगुती रंगात शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांहून जास्त नसावे, असा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. डब्यावर तसा उल्लेख असलेलाच रंग घ्या, सुटा किंवा जुना शिल्लक रंग नको. बाळ घरी येण्याआधी महिना-दीड महिना काम संपवून खिडक्या उघड्या ठेवा. सरकत्या जाळ्या : ९,०००. ऊन अडवणारे जाड पडदे : ८,०००. साधा लाकडी पाळणा आणि घट्ट गादी : १८,०००, पाळण्याच्या दोन गजांतील फट सहा सेंटिमीटरपेक्षा कमी असावी आणि एक बाजू खाली सरकणारा पाळणा घेऊ नये. दूध पाजताना टेकता येईल अशी हात असलेली खुर्ची : ८,०००. किरकोळ : ५,०००. एकूण ६०,०००, रोखीने.

कपाट आणि पलंग मूल तीन-चार वर्षांचे झाल्यावर करा, तेव्हा ते खरोखर वापरात येतील. कपाटाच्या फळ्या वरखाली करता येतील अशा ठेवा आणि कपडे टांगण्याची एक दांडी मुलाच्या हाताला येईल एवढ्या उंचीवर घ्या. ते भिंतीला बोल्टने पक्के करून घ्या : मुले खण उघडून त्यांवर पाय देऊन चढतात, आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपाच्या पहाटेनंतर लातूर जिल्ह्यात कोणतेही उंच कपाट नुसते भिंतीला टेकवून ठेवू नये.

डिझायनरला दिलेले २१,००० परत मिळणे अवघड दिसते. त्याच्याशी वाद घालण्यापेक्षा त्या रकमेत रंगकाम आणि जाळ्या करून द्यायला सांगा; दोन्ही मिळून तेवढेच होतात.