आर्डुइनो उनो (प्रोग्राम करता येणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड): एकाच बटणाने मोटर चालू-बंद करायची आहे, पण कधी चालते, कधी नाही. असं का?

बटण दाबलेलं आहे का, एवढंच तुम्ही तपासताय. बोट क्षणभर टेकलं तरी तेवढ्यात लूप (प्रोग्रामचा सतत पुन्हा पुन्हा चालणारा भाग) हजारो वेळा फिरतो आणि मोटरची स्थिती तितक्याच वेळा उलटते. शेवटी काय उरेल ते नशीब. मागचं रीडिंग व्हेरिएबलमध्ये ठेवा. मागचं हाय आणि आत्ताचं लो असेल तेव्हाच स्थिती उलटवा (इनपुट पुलअपमध्ये, म्हणजे बटण न दाबता पिन हाय ठेवणाऱ्या सेटिंगमध्ये, दाबलेलं बटण लो वाचतं, इथेच बरेच जण फसतात).

बटणातली धातूची पट्टी काही मिलिसेकंद थरथरते आणि एकदाच दाबलेलं बटण अनेकदा दाबल्यासारखं दिसतं. म्हणून दाबताना असो वा सोडताना, बदल दिसला की पुढचे 50 मिलिसेकंद बटण वाचूच नका. त्यासाठी मिलिस (बोर्ड सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद सांगणारं फंक्शन) वापरा. डिले या फंक्शनने प्रोग्रामच थांबतो, म्हणून सेन्सर असतील तर त्यांचं वाचनही तेवढा वेळ थांबतं.

आणि मोटर थेट पिनला नको! उनो R3 च्या पिनची कमाल मर्यादा 40 मिलिअँपिअर, मोटरला सहसा त्याहून जास्त करंट लागतो. मध्ये एल298एन ड्रायव्हर (मोटरला करंट पुरवणारा बोर्ड) घाला, आर्डुइनो आणि ड्रायव्हर दोघांचे ग्राउंड जोडा.