जनुकीय बदल केलेले जिवाणू वापरून रेअर अर्थ धातू (चुंबकांत लागणारे निओडिमियमसारखे धातू) काढता येतात का? त्यामुळे खाणी बंद होतील का?

काढता येतात, प्रयोगशाळेत ते करूनही दाखवलं आहे. पण खाणी बंद होतील असं मला वाटत नाही.

या धातूंची खरी डोकेदुखी ते एकमेकांपासून वेगळे करण्यात आहे. निओडिमियम, डिस्प्रोशियम आणि त्यांची भावंडं एकाच खनिजात गुंतलेली असतात. बहुतेकांच्या आयनांवर +3 भार आणि आकारात अगदी किंचित फरक. म्हणून आज खनिज जहाल रसायनांनी विरघळवतात आणि ते द्रावण सेंद्रिय द्रावकांबरोबर शेकडो टप्प्यांतून फिरवतात. खनिज मोनाझाइट असेल तर त्यातल्या थोरियममुळे किरणोत्सारी कचराही उरतो.

जिवाणूंची मदत दोन ठिकाणी होते. पहिलं काम विरघळवण्याचं. ग्लुकोनोबॅक्टर हा जिवाणू साखरेपासून ग्लुकोनिक आम्ल बनवतो. कॉर्नेल विद्यापीठातल्या गटाने त्याची जनुकं एकेक करून बंद पाडली, तेव्हा फॉस्फेट आत घेणाऱ्या यंत्रणेतली जनुकं बंद झाल्यावर आम्ल लवकर तयार होतं आणि धातूही जास्त सुटतात, असं दिसलं.

दुसरं काम निवडण्याचं, आणि मला सगळ्यात जास्त आशा इथेच वाटते. मिथेनॉलवर जगणाऱ्या काही जिवाणूंना हे धातू स्वतःच्या एन्झाइमसाठी लागतात. अशाच एका जिवाणूत 2018 मध्ये पेन स्टेट विद्यापीठातल्या जोसेफ कोत्रुवो यांच्या गटाला लॅनमोड्युलिन हे प्रथिन सापडलं. कॅल्शियमपेक्षा ते रेअर अर्थना सुमारे 10 कोटी पटीने पसंती देतं! 2023 मध्ये ओकच्या कळ्यांवरच्या जिवाणूतलं त्याचं भावंड पुढे आलं. निओडिमियम मिळालं की या प्रथिनाचे दोन रेणू घट्ट जोडी करतात, डिस्प्रोशियमसोबत ती जोडी नीट जमत नाही. एवढ्याशा फरकावर हे दोन्ही धातू एकाच टप्प्यात, 98 टक्क्यांहून जास्त शुद्ध, वेगळे झाले.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. या पद्धतीत धातू पकडायला जिवंत जिवाणू लागतच नाही. बदललेल्या जिवाणूकडून फक्त प्रथिन बनवून घ्यायचं, ते स्तंभात, म्हणजे उभ्या नळीत, भरलेल्या बारीक मण्यांवर बसवायचं आणि वरून द्रावण सोडायचं. पुढे आम्लता बदलली की धातू सुटतो आणि तोच स्तंभ पुन्हा वापरता येतो.

अडचण पैशांची आहे. आम्ल बनवणाऱ्या जिवाणूंना साखर लागते आणि तिचा खर्च भारी पडतो. शिवाय काम सावकाश चालतं, टाक्याही मोठ्या लागतात. त्यामुळे समृद्ध खनिजापेक्षा जुने चुंबक, कोळशाची राख, तेलशुद्धीकरणातले वापरून झालेले उत्प्रेरक अशा ठिकाणी ही पद्धत आधी रुजेल, असं मला वाटतं. राखेसारख्या कचऱ्यात धातू थोडा आणि इतर भेसळ फार असते, त्यामुळे नेमकं निवडणाऱ्या प्रथिनाचा फायदा तिथे सगळ्यात जास्त होतो.