कागद कुणाच्या टेबलावर किती दिवस थांबला?

चि. मुलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतची तक्रारीची प्रत परवा मिळाली. प्रत मी दोनदा वाचली. सातवीच्या मुलींशी तो शिक्षक काय बोलतो, वही तपासण्याच्या निमित्ताने पाठीवर हात ठेवून किती वेळ उभा राहतो, हे त्या तीन आयांनी कसलाही आरडाओरडा न करता, जसे मुलींनी सांगितले तसे लिहिले आहे. तीन महिन्यांपूर्वी हा कागद मुख्याध्यापकांच्या हातात दिला, त्यानंतर जो भेटेल तो ‘चौकशी सुरू आहे’ एवढेच सांगतो, आणि आता त्या शिक्षकाला निलंबित करायला लावण्यासाठी आणखी काय करावे, असे तू विचारतेस.

सर्वांत आधी एक गोष्ट. पोक्सो कायद्याचे, म्हणजे 2012 च्या बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे, कलम 19 मुख्याध्यापकांपुरते नाही. असा गुन्हा घडल्याचे ज्याला कळले किंवा घडण्याची ज्याला शंका आली, अशा प्रत्येक व्यक्तीने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलिस पथकाला कळवले पाहिजे, असे ते सांगते. तू हा कागद वाचला आहेस, मीही वाचला आहे, म्हणजे आपण दोघेही त्या कलमात आलो. मी काल सकाळी तुमच्या तालुक्याच्या पोलिस ठाण्याला लेखी कळवले. त्याची प्रत सोबत जोडली आहे. तूही आजच कळव. सद्हेतूने माहिती देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, हेही त्याच कलमात लिहिले आहे, त्यामुळे ‘उगाच अंगाशी येईल’ असे कोणी म्हणाले तर त्याला ते दाखव. खात्याची चौकशी पूर्ण होईपर्यंत पोलिसांकडे जायचे नसते, ही समजूत आमच्याच खात्याने पसरवलेली आहे आणि ती साफ खोटी आहे.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. त्या शिक्षकाचे काय करायचे ते कायदा ठरवील. तुझ्यासारखीने धरून ठेवायचा प्रश्न दुसरा आहे: ही तक्रार कोणत्या तारखेला कोणाच्या टेबलावर पोचली, तिथे किती दिवस थांबली, आणि त्या टेबलामागच्या माणसाने तिच्यावर काय लिहून ती पुढे ढकलली? मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी, गटशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी, मुख्य कार्यकारी अधिकारी अशी ही उतरंड आहे. तिच्यातल्या प्रत्येक पायरीवर एक सही असते आणि सहीखाली तारीख असते. अधिकारी आपल्या भूमिकेचा खुलासा दहा प्रकारे करू शकतो; सहीखालची तारीख मात्र त्याला बदलता येत नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. मी गटशिक्षणाधिकारी असताना दोनशे पानी वहीतून फाडलेल्या कागदावर लिहिलेली एक तक्रार माझ्याकडे आली होती. खाली आईचा अंगठा होता आणि अक्षर बहुधा तिच्याच थोरल्या मुलीचे होते. मी कागदाच्या डाव्या कोपऱ्यात ‘केंद्रप्रमुख, चौकशी करून स्वयंस्पष्ट अभिप्रायासह अहवाल सादर करावा’ असे लिहिले आणि पुढची नस्ती, म्हणजे फाईल, ओढली. सात-आठ दिवसांनी अहवाल आला: ‘सदर तक्रारीत तथ्य आढळून येत नाही.’ मी ‘दप्तरी दाखल’, म्हणजे प्रकरण बंद, असा शेरा मारला. केंद्रप्रमुखाने मुख्याध्यापकाच्या खोलीत चहा घेता घेता, त्या शिक्षकाला शेजारच्या खुर्चीवर बसवून, मुलीला आत बोलावून विचारले होते, हे मला पुढे कधीतरी त्याच्याच तोंडून सहज कळले. शिक्षकाची ‘प्रशासकीय कारणास्तव’ दुसऱ्या शाळेत बदली झाली. दोन वर्षांनी त्या शाळेतूनही त्याच्याविरुद्ध कागद आला. तोवर माझीही बदली झाली होती आणि तो कागद दुसऱ्याच कोणाच्या तरी टेबलावर पडला. मला कोणी कधीच काही विचारले नाही. माझी सही आणि माझी तारीख त्या नस्तीत आजही असेल, पण ती नस्ती उघडायला लावणारे त्या गावात कोणी नव्हते. तुला एवढे लांबलचक पत्र लिहितो आहे ते त्यामुळेच.

बदलापूर तुला आठवत असेल. ऑगस्ट 2024 मध्ये बालवर्गातील दोन चिमुरड्यांवर शाळेच्याच सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याचे उघड झाले, गुन्हा नोंदवायला पालकांना पोलिस ठाण्यात कित्येक तास ताटकळावे लागले, आणि 20 ऑगस्टला लोक रेल्वे रुळांवर उतरले. सगळा रोष त्या एका माणसावर होता आणि ते स्वाभाविकच होते. पुढे 23 सप्टेंबरला पोलिसांच्या गोळीबारात तो मारला गेला आणि अनेकांच्या लेखी प्रकरण तिथेच संपले. वस्तुतः त्या प्रकरणातला आपल्या कामाचा भाग वेगळा आहे. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेताना शाळेने पोलिसांना का कळवले नाही, हे विचारले. न कळवल्याबद्दल संस्थाचालकांवर पोक्सोखाली गुन्हा दाखल झाला. ठाणे जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांना निलंबित करण्यात आले. ज्यांनी मुलींना बोटही लावले नव्हते, त्यांनाही ‘तुम्हाला कधी कळले आणि त्या दिवशी तुम्ही काय केले’ हा प्रश्न विचारला गेला. मात्र तो विचारला जाण्यासाठी हजारो माणसांना दिवसभर लोकल अडवून बसावे लागले, ही त्यातली खेदाची बाजू आहे. तुमच्या गावातून तर रेल्वेही जात नाही.

त्या आठवड्यात, 21 ऑगस्ट 2024 रोजी, शासन निर्णय निघाला. सीसीटीव्हीचे चित्रण मुख्याध्यापकांनी आठवड्यातून किमान तीनदा पाहावे, तक्रारपेटी असावी, मुलींच्या सुरक्षेसाठीची शाळेतली सखी-सावित्री समिती कार्यरत असावी, अनुचित प्रकार घडल्यास 24 तासांच्या आत शिक्षणाधिकाऱ्यांना कळवावे, असे पुष्कळ त्यात आहे. तक्रारपेटी आणि सखी-सावित्री समिती त्याआधीही कागदावर होत्याच. मी पाहिलेल्या तक्रारपेट्यांपैकी एकीचे कुलूप गंजून घट्ट बसले होते आणि किल्ली कोणाकडे आहे हे शाळेत कोणालाच सांगता येत नव्हते. म्हणून तुमच्या शाळेत पेटी आहे की नाही एवढेच विचारून थांबू नकोस. ती शेवटची कधी उघडली, उघडताना कोण हजर होते आणि त्याची नोंद कुठे आहे, हे विचार. त्या 24 तासांचेही तसेच: तुमच्या मुख्याध्यापकांनी कळवले असेल तर जावक नोंदवहीत क्रमांक सापडेल, सापडला नाही तर चूक त्यांची, आणि सापडला तर पुढचा प्रश्न शिक्षणाधिकाऱ्यांना.

न कळवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, हे मोठमोठ्या पदांवरच्या माणसांनाही पटत नाही. कलम 21 प्रमाणे सामान्य माणसाला सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा कळवला नाही तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुऱ्याच्या एका शालेय वसतिगृहातल्या आदिवासी मुलींच्या प्रकरणात, मुलींवर उपचार करूनही पोलिसांना न कळवल्याचा आरोप एका डॉक्टरवर होता. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याच्याविरुद्धचा गुन्हा रद्द केला, आणि नोव्हेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवून, माहिती असूनही न कळवणे हा गंभीर गुन्हा असल्याचे स्पष्ट केले. या निकालाची प्रत जवळ ठेव. ती बैठकीत टेबलावर ठेवली की बोलण्याचा सूर बदलतो, हा माझा अनुभव आहे.

आता कोणता नियम कोणाला लागतो ते समजून घे, कारण इथेच बहुतेक पालक चुकतात. तुमची शाळा जिल्हा परिषदेची आहे, म्हणून शिक्षकाला जिल्हा सेवेचे 1967 चे वर्तणूक नियम आणि 1964 चे शिस्त व अपील नियम लागतात. त्याच्यावरच्या कारवाईचा अधिकार मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे. शिक्षणाधिकारी मात्र राज्य शासनाचे अधिकारी आहेत आणि त्यांना 1979 चे महाराष्ट्र नागरी सेवा नियम लागतात. म्हणजे अर्ज एक नव्हे, दोन हवेत. पहिला शिक्षकाच्या वर्तनाबद्दल, मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे. दुसरा त्या तक्रारीवर वेळेत कार्यवाही न करणाऱ्या अधिकाऱ्याबद्दल, शिक्षण उपसंचालक आणि पुण्याच्या शिक्षण आयुक्तांकडे. दोन्ही विषय एका अर्जात कालवले की अधिकारी स्वतःविरुद्धचा अर्ज स्वतःच्याच टेबलावर चौकशीसाठी घेतो. मी हे घडताना पाहिले आहे आणि त्या वेळी मला त्यात काही वावगेही वाटले नव्हते.

दुसऱ्या अर्जाला आधार म्हणून 2005 चा बदल्यांचा आणि विलंब प्रतिबंधाचा अधिनियम घे, ज्याला लोक दप्तर दिरंगाईचा कायदा म्हणतात. अण्णा हजारे यांच्या आंदोलनामुळे तो आला. कलम 10 प्रमाणे साधारणपणे कोणतीही नस्ती एका कर्मचाऱ्याकडे कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये, आणि हेतुपुरस्सर विलंब झाला तर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. तुमचा कागद तीन महिने फिरतो आहे. तो कोणाकडे किती दिवस होता, याचा साधा तक्ता करून अर्जाला जोड. विशेषणे घालू नकोस. ‘निष्काळजी’, ‘संवेदनाहीन’ असे शब्द लिहिले की उत्तर त्या शब्दांना मिळते आणि तारखा बाजूला पडतात.

तक्त्यासाठी माहिती अधिकार वापर. अर्ज दीडशे शब्दांत, एकाच विषयावर, दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून. शिक्षकाच्या चौकशीची कागदपत्रे मागितलीस तर वैयक्तिक माहितीचे कारण आणि सर्वोच्च न्यायालयाच्या 2012 च्या एका निकालाचा आधार देऊन ती नाकारतील. म्हणून शिक्षकाचे नाव घेऊच नकोस. गेल्या तीन वर्षांत या कार्यालयात शिक्षक व कर्मचाऱ्यांविरुद्ध आलेल्या तक्रारींची आवक नोंदवही, प्रत्येकीची पोचल्याची तारीख, कार्यवाहीची तारीख आणि प्रलंबित असल्यास सध्या ती कोणत्या पदाच्या अधिकाऱ्याकडे आहे, एवढे माग. शिवाय सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळात जिल्हा परिषदेत अभिलेख पाहता येतात. दोन पालकांना सोबत घेऊन जा आणि त्यांना बोलू दे. अलीकडची काही वर्षे बहुतेक जिल्हा परिषदांवर प्रशासक राहिले, शिक्षण समितीत प्रश्न विचारणारे सदस्यच नव्हते, त्यामुळे अधिकाऱ्यांची विचारले जाण्याची सवयही मोडली आहे.

खासगी अनुदानित शाळेचे प्रकरण हाती आले तर खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा 1977 चा अधिनियम आणि त्याची 1981 ची नियमावली पाहावी लागेल. तिथे शिक्षणाधिकारी हमखास म्हणतात की हा संस्थेचा अंतर्गत विषय आहे. निलंबनापूर्वी त्यांचीच परवानगी घेण्याची तरतूद त्या नियमावलीत आहे, हे त्यांना नम्रपणे आठवण करून दे.

बदलीबद्दल मात्र सावध राहा. ‘त्याला इथून हलवतो, तुम्ही विषय वाढवू नका’ असा प्रस्ताव तुमच्यापुढे येईलच, आणि थकलेल्या पालकांना तो गोडही वाटेल. अमेरिकेतल्या शाळांमध्ये या प्रकाराला ‘कचरा पुढे ढकलणे’ अशा अर्थाचे नाव आहे आणि गैरवर्तनाचा आरोप झालेल्या माणसाला गुपचूप दुसरीकडे नोकरी मिळवून देण्याविरुद्ध तिथे 2015 च्या संघीय शिक्षण कायद्यात तरतूद करावी लागली. आपल्याकडे त्याला ‘प्रशासकीय कारण’ म्हणतात. पालकांना एवढेच विचार की ज्या गावात तो जाईल, तिथल्या सातवीच्या मुलींच्या आयांना हे कोण सांगणार आहे.

आणि दुसरी बाजूही लक्षात ठेव. गावातली भाऊबंदकी, शिक्षक संघटनांमधली भांडणे, संस्थाचालकाला नको असलेला माणूस, यांतूनही तक्रारी होतात. माझ्या कारकिर्दीत एका निर्दोष शिक्षकाने चौकशी न संपल्यामुळे चार वर्षे मान खाली घालून काढली. दिरंगाईने त्याचेही वाटोळेच केले. म्हणून तू ‘शिक्षा करा’ असे न म्हणता ‘नियमाप्रमाणे, मुदतीत चौकशी करा’ असे म्हण. मुलींची नावे व्हॉट्सॲपवर जाऊ देऊ नकोस. ओळख उघड करणे हाही गुन्हाच आहे. त्यांचे म्हणणे नोंदवताना तो शिक्षक त्या आवारातही नसावा, आणि सोबत मुलीला विश्वासाची वाटणारी व्यक्ती असावी, असा लेखी आग्रह आधीच धर.

शिक्षणाधिकाऱ्यांना भेटशील तेव्हा ते सौजन्याने बोलतील, चहा मागवतील, ‘मी स्वतः लक्ष घालतो’ म्हणतील. बहुतेक जण ते मनापासूनच म्हणतात. मीही म्हणत असे. त्यांचे आभार मान आणि संध्याकाळी घरी येऊन ‘आज झालेल्या भेटीत आपण अमुक तारखेपर्यंत अमुक करण्याचे मान्य केले’ असे पत्र लिहून दुसऱ्या दिवशी आवक विभागात दे. पोच घेताना क्रमांक आणि शिक्का दोन्ही घे. आमच्या कार्यालयांत शिक्क्याची शाई बहुधा सुकलेली असते आणि तारखेचा आकडा अर्धवट उमटतो. तसे झाले तर कारकुनाला पेनाने तारीख लिहून सही करायला सांग, आणि त्या पोचेची झेरॉक्स मला पाठव.

तुझा,
एक निवृत्त गटशिक्षणाधिकारी