स्मृतिस्तंभावर ‘शहीद’ लिहावे की ‘हुतात्मा’?

सीमेवर तैनात असताना हिमस्खलनात मृत्यू पावलेल्या जवानाचा स्मृतिस्तंभ गावात उभा राहणार आहे. ‘शहीद’ हा शब्द परका म्हणून काहींना नको आहे, तर ‘हुतात्मा’ हा स्वातंत्र्यसैनिकांसाठीच राखून ठेवावा असे इतरांना वाटते. तेव्हा योग्य शब्द कोणता, असा प्रश्न आहे.

परकेपणाचा आक्षेप मला पटत नाही. ‘शहीद’ अरबी आहे आणि त्याचा मूळ अर्थ ‘साक्षी’ असा आहे, हे खरे. परंतु ‘जवान’, ‘फौज’, ‘हवालदार’, ‘सुभेदार’ हे शब्दही फारसी-अरबीतूनच आले आहेत आणि त्याच स्तंभावर हुद्दा कोरताना कोणी हरकत घेणार नाही. ‘हुतात्मा’ हा शब्द सावरकरांनी रूढ केला. ‘हुत’ म्हणजे यज्ञात आहुती दिलेले. तो केवळ स्वातंत्र्यसैनिकांचा राहिलेला नाही, कारण मुंबईचा हुतात्मा चौक संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात प्राण गमावलेल्यांच्या स्मरणार्थ आहे. खरी अडचण अशी की, या दोन्ही शब्दांत श्रद्धेसाठी किंवा ध्येयासाठी जाणूनबुजून मरण पत्करण्याची छटा आहे, आणि कर्तव्यावर असताना ओढवलेल्या प्रत्येक मृत्यूला ती लागू पडतेच असे नाही. लष्करानेही 2022 मध्ये आपल्या अंतर्गत पत्रातून ‘शहीद’ या अर्थाचा इंग्रजी शब्द टाळण्याची सूचना केली होती.

जुन्या मराठीत लढाईत पडलेल्याला ‘कामास आला’ किंवा ‘धारातीर्थी पडला’ असे म्हणत. यातील धारा म्हणजे तलवारीची धार, आणि तिलाच तीर्थ मानले आहे. त्यामुळे ऐकायला कितीही भारदस्त वाटला तरी हा शब्दप्रयोग हिमस्खलनातील मृत्यूला शोभत नाही. 

माझा कौल ‘वीरमरण’ या शब्दाला आहे. वृत्तपत्रांमुळे तो सर्वांच्या परिचयाचा आहे, आणि त्यात शस्त्राचा उल्लेख नसल्यामुळे बर्फाशी झुंजताना आलेला मृत्यूही त्यात सहज सामावतो. त्याची वाक्यरचना मात्र सांभाळावी: ‘जवानाला वीरमरण आले’ किंवा ‘जवानाने वीरमरण पत्करले’ असे लिहावे, ‘जवान वीरमरण झाले’ असे लिहू नये. ‘हुतात्मा’ लिहायचेच ठरले, तर अनेकवचन ‘हुतात्मे’ आणि विभक्तिरूप ‘हुतात्म्याला’ असे होते. ‘हुतात्माला’ हे रूप चुकीचे आहे.

पाटीवर याहून अधिक चुका ‘स्मृती’ या शब्दाच्या होतात. एकटा शब्द ‘स्मृती’ असा दीर्घान्त लिहितात, परंतु समासात तो ऱ्हस्व राहतो. म्हणून ‘स्मृतिस्तंभ’, ‘स्मृतिदिन’ आणि ‘स्मृतिप्रीत्यर्थ’ अशी रूपे शुद्ध आहेत. सर्रास दिसणारे ‘स्मृतीप्रित्यर्थ’ दोन ठिकाणी अशुद्ध आहे. हा जोडशब्द दगडावर कोरणाऱ्याला अवघड वाटत असेल, तर ‘स्मरणार्थ’ हा सुटसुटीत शब्द पुरेसा आहे.

मजकुरात आधी हुद्दा, नाव आणि पलटण द्यावी, त्याखाली ‘सीमेवर कर्तव्य बजावत असताना हिमस्खलनात वीरमरण’ असे लिहावे आणि शेवटी ठिकाण व दिनांक घालावा. नावाआधी एखादे विशेषण हवेच असेल, तर ‘वीर जवान’ एवढे पुरे. ‘अमर शहीद हुतात्मा वीर’ अशी रांग लावली, तर मूळ नाव शोधावे लागते.