साहेबांचा पगार ठरवतं कोण?

प्रश्न: मी चाकणला एका लिस्टेड कंपनीत आहे. ऑर्डरी कमी म्हणून यंदा आमचं इन्क्रिमेंट जेमतेम, आणि अ‍ॅन्युअल रिपोर्टमध्ये बघतो तर एमडींचा पगार कोटींनी वाढलाय. हे आकडे साहेब स्वतःच ठरवतात का?

उत्तर: अगदी तसं नाही, पण ते फार लांबही नसतात. लिस्टेड कंपनीत यासाठी डायरेक्टरांची एक कमिटी असते, नॉमिनेशन अँड रेम्युनरेशन कमिटी, त्यात रोजच्या कारभारात नसलेलेच लोक घेतात. ते काय करतात, तर आपल्याएवढ्या कंपन्या एमडीला किती देतात त्याचा तक्ता मांडतात. आता मला सांगा, आमचा एमडी इतरांपेक्षा डावा आहे असं कुठली कमिटी म्हणेल? मग जो तो सरासरीच्या वर जायला बघतो आणि सरासरीच वर सरकत राहते, लग्नातल्या आहेरासारखं, त्यांनी एवढं दिलं मग आपण कमी कसं द्यायचं!

कायद्याची मर्यादा आहे बरं का. 2013 च्या कंपनी कायद्यात एका एमडीला निव्वळ नफ्याच्या 5 टक्के, सगळ्या डायरेक्टरांना मिळून 11 टक्के. पण शेअरहोल्डरांनी स्पेशल रिझोल्यूशन, म्हणजे विशेष ठराव, पास केलं की त्यावरही जाता येतं, आणि सीईओ डायरेक्टरांच्या बोर्डावरच नसेल तर ही मर्यादा त्याला लागतच नाही.

खरी गंमत त्या मतदानात आहे, कारण पडलेल्या मतांपैकी 75 टक्के बाजूने लागतात. 2014 मध्ये टाटा मोटर्सच्या वरच्या अधिकाऱ्यांच्या पगाराचे ठराव याच अटीमुळे पडले होते. 2021 मध्ये आयशर मोटर्सचे सिद्धार्थ लाल यांच्या फेरनेमणुकीचा आणि पगाराचा ठराव तर 73 टक्के मतं मिळूनही पडला, मग बोर्डाने पगाराच्या अटी खाली आणून परत मत मागितलं. म्हणजे म्युच्युअल फंडवाले आणि परदेशी फंड अडून बसले तर प्रमोटरलाही, म्हणजे कंपनी ज्यांच्या हातात असते त्या मुख्य मालकालाही, ऐकावं लागतं, एरवी मात्र ठराव आरामात पास होतात.

तुमच्या रिपोर्टमध्ये अजून एक आकडा शोधा, डायरेक्टरचा पगार मीडियन कर्मचाऱ्याच्या किती पट आहे तो. सगळ्यांना पगाराप्रमाणे रांगेत उभं केलं की बरोबर मधला जो, तो मीडियन. कंपनीचा एक शेअर जरी नावावर असेल तरी या ठरावांवर ई-व्होटिंग करता येतं, मोबाईलवरून दोन मिनिटांत होतं.