शटर बत्तीस हजारांचं सांगितलं, निघालं अडीच लाखांच्या घरातलं

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यात लग्नांची फोटोग्राफी करतो. नऊ वर्षं कॅनन वापरला. फेब्रुवारीत निकॉनवर जायचं ठरवलं आणि पुण्यातल्या जुन्या कॅमेऱ्यांच्या एका दुकानातून निकॉन डी८५० बॉडी १,१५,००० ला आणि २४-७० लेन्स ५२,००० ला घेतली. माझा कॅनन ५डी मार्क ३ आणि दोन लेन्स त्यांनी १,०५,००० धरून ठेवून घेतल्या, वरचे ६२,००० मी यूपीआयने दिले. व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांनी लिहिलं होतं, ‘शटर फक्त ३२ हजार, एकहाती वापर.’ म्हणजे शटर आजवर ३२ हजार वेळाच चाललंय आणि कॅमेरा एकाच माणसाने वापरलाय. त्याच संध्याकाळी शनिवारवाड्याबाहेर दहा-बारा फोटो काढून बघितले, छान आले. सातव्या आठवड्यात एका हळदीत शटर गेलं. मित्राचा कॅमेरा आणून वेळ निभावली, पुढे दोन दिवस भाड्याने घेतला. सर्व्हिस सेंटरमध्ये कळलं, शटर काउंट २ लाख ४१ हजार. शटर बदलायचा अंदाज २९,५०० रुपये. दुकानदार म्हणतो, ‘आधीच्या मालकाने सांगितलं तेच आम्ही सांगितलं. तुम्ही प्रोफेशनल आहात, बघून घेतलात. कागदावर छापलंय, विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ तो कागदही बिल नाही, लेटरपॅडवरचं एस्टिमेट आहे. दुरुस्तीचे पैसे भरून गप्प बसू का? पुढच्या महिन्यात चार लग्नं आहेत.

उत्तर : गप्प बसू नका. आणि दुरुस्तीला अजून होकार देऊ नका. कॅमेरा सर्व्हिस सेंटरमध्ये असेल तर आजच फोन करून सांगा, उघडू नका म्हणून. कारण पुढे येईलच.

आधी तुमची तक्रार नेमकी कशाची आहे ते पक्कं करून घेऊ. मला येणाऱ्या बऱ्याच पत्रांत इथेच चूक होते. तुम्ही लिहिता, ‘सात आठवड्यांत शटर गेलं.’ तेवढीच तक्रार घेऊन गेलात तर दुकानदार म्हणेल, यंत्र आहे, कधीही जाऊ शकतं. आणि ते खरंच आहे. डी८५० चं शटर २ लाख वेळा चालवून तपासलेलं आहे असं कंपनी सांगते, पण ती हमी नव्हे. एखादं ऐंशी हजारांवर जातं, एखादं तीन लाख ओलांडतं. तुमची खरी तक्रार अशी आहे : ३२ हजार सांगून दुकानदाराने तुम्हाला असा कॅमेरा दिला, ज्याच्या शटरने कंपनीने तपासलेला आकडा विक्रीच्या आधीच ओलांडलेला होता. शटर आज धडधाकट असतं तरी ही तक्रार तितकीच खरी असती. नोटिशीपासून तक्रारअर्जापर्यंत हेच वाक्य पहिलं असू द्या.

आता दुकानदाराचं ‘तुम्ही बघून घेतलात’ हे म्हणणं. हे नुसतं तोंडचं उत्तर नाही, त्यामागे कायदा आहे, म्हणून जरा थांबून समजून घ्या. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १९ नुसार फसवणुकीने किंवा चुकीच्या माहितीने मिळवलेली संमती तुम्ही रद्द करू शकता. पण त्याच कलमात एक अपवाद आहे. चुकीची माहिती दिली असेल, किंवा कपटाने मौन पाळलं असेल, आणि साधी दक्षता घेतली असती तर खरं काय ते तुम्हाला कळलं असतं, तर करार रद्द करता येत नाही. दुकानदाराचे वकील याच अपवादाला धरून बसतील. ते म्हणतील, निकॉनच्या प्रत्येक मूळ फोटोत शटरचा आकडा लिहिलेला असतो. एक फोटो काढून संगणकावर बघितला असता तर दोन मिनिटांत कळलं असतं.

तुम्ही नऊ वर्षं कॅननवर होतात, ही गोष्ट इथे कामाला येते. ५डी मार्क ३ च्या फाइलमध्ये हा आकडा दिसत नाही, तो वेगळं सॉफ्टवेअर लावून काढावा लागतो. म्हणजे निकॉनच्या फाइलमध्ये तो सहज दिसतो हे तुम्हाला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. कंपनी बदलणारा माणूस नव्या यंत्राच्या बाबतीत काही काळ नवशिकाच असतो, आणि म्हणूनच तो दुकानदाराच्या शब्दावर विसंबतो. तक्रारीत हे सविस्तर लिहा. ‘मी प्रोफेशनल आहे’ हे वाक्य तुमच्यावर उलटवलं जाणार आहे, त्याला हेच उत्तर आहे.

याहून भक्कम उत्तर खुद्द त्या कलमात आहे. अपवाद लागतो तो चुकीच्या माहितीला आणि मौनाला. जाणूनबुजून सांगितलेल्या खोट्याला तो लागत नाही. कलम १७ प्रमाणे, जे खरं नाही आणि जे खरं असल्याचा स्वतःचाही विश्वास नाही, ते खरं म्हणून सांगणं ही फसवणूक आहे. आणि समोरच्याने तपासून घ्यायला हवं होतं ही सबब उघड खोटं बोलणाऱ्याच्या तोंडी कायदा शोभू देत नाही.

मग प्रश्न उरतो, दुकानदाराला खरा आकडा माहीत होता का? तो म्हणतो, आधीच्या मालकाचा शब्द पुढे केला. पण जुने कॅमेरे विकत घेऊन विकणं हा ज्याचा रोजचा धंदा आहे, तो लाखाच्या वस्तूचा भाव ठरवताना शटर काउंट बघत नाही, हे कोणाला पटेल? तुमचा कॅनन घेताना त्याने काउंट विचारला होता का, तपासला होता का, ते आठवा. त्याबद्दल व्हॉट्सअ‍ॅपवरच्या गप्पांत एखादी ओळ सापडली तर ती सोन्याच्या मोलाची. जो दुकानदार घेताना आकडा तपासतो, त्याला देताना तो माहीत नव्हता असं म्हणता येत नाही.

एवढं करूनही त्याच्या मनात काय होतं हे सिद्ध झालं नाही, असं धरून चालू. तरी रस्ता बंद होत नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(४७) मध्ये मालाच्या दर्जाबद्दल खोटं विधान करणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. तिथे भर विधान खोटं होतं की नाही यावर आहे. त्याच व्याख्येत बिल न देणं हीसुद्धा अनुचित प्रथा म्हणून लिहिलेली आहे. म्हणजे लेटरपॅडवरचं ते एस्टिमेट तुमची कमजोरी नाही, तुमच्या तक्रारीचा दुसरा मुद्दा आहे. व्यवहार यूपीआयने आणि गप्पांनी सिद्ध होतोच. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हे छापलेलं वाक्य खोट्या माहितीवर केलेल्या विक्रीला संरक्षण देत नाही. (बिलात मुदत नसेल तर सदोष माल तीस दिवसांत परत घ्यायला नकार देणं हीही अनुचित प्रथा आहे, पण तुम्ही सातव्या आठवड्यात गेलात, म्हणून त्यावर भिस्त ठेवू नका.)

पुढचा हल्ला असेल तो ‘तुम्ही ग्राहकच नाही, धंद्यासाठी घेतलात’ हा. व्यापारी हेतूने वस्तू घेणारा ग्राहकाच्या व्याख्येत बसत नाही हे खरं, पण स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी जो स्वतः वस्तू वापरतो तो बसतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स विरुद्ध पी. एस. जी. इंडस्ट्रियल इन्स्टिट्यूट या निकालात हे स्पष्ट केलं आहे. यंत्र चालवताना एक-दोन मदतनीस घेतले म्हणून माणूस ग्राहक राहत नाही असं होत नाही, असंही त्यात म्हटलं आहे. तेव्हा दिवे धरायला कोणी मदतीला येत असेल, तर ते लपवू नका. मात्र तक्रारअर्जात ‘कॅमेरा मी स्वतः चालवतो, यावरच माझं घर चालतं’ हे शब्द असलेच पाहिजेत. ते लिहायचे राहिले म्हणून चांगली प्रकरणं बाद झालेली आहेत.

आता पुरावा. तुम्ही पत्रात शनिवारवाड्याचा उल्लेख सहज केलात, पण सगळं प्रकरण त्या दहा-बारा फोटोंवर उभं आहे. दुकानदार उद्या म्हणू शकतो, मी ३२ हजारांचाच दिला होता, दोन लाख याने मारले. सात आठवड्यांत दोन लाख म्हणजे रोज चार हजारांवर क्लिक, हे अशक्यप्राय आहे. पण युक्तिवादापेक्षा कागद बरा. खरेदीच्या दिवशीच्या त्या मूळ फाइलमध्ये तारीख आहे, कॅमेऱ्याचा क्रमांक आहे आणि त्या क्षणीचा शटरचा आकडाही आहे. जो आकडा तुम्ही बघितला नाहीत म्हणून तुम्हाला दोष देतील, तोच तुमच्या बाजूने साक्ष देणार आहे.

ते कार्ड बाजूला काढा, त्यावर पुन्हा काही घेऊ नका. मूळ फाइलची प्रत दोन ठिकाणी ठेवा. लाइटरूमसारख्या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमधून निर्यात केलेला फोटो चालणार नाही, त्यात कंपनीची ही आतली नोंद गळून पडते. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेला तर अजिबात नाही. गप्पांचे नुसते स्क्रीनशॉट काढून फोन बदलू नका, फोनही सांभाळा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं. त्याचा एक भाग तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. ग्राहक आयोगात पुराव्याचे नियम दिवाणी न्यायालयाइतके काटेकोर नसतात, तरी मी माझ्या प्रत्येक अशिलाला ते जोडायला लावते.

सर्व्हिस सेंटरकडून तोंडी नको, लेखी अहवाल घ्या : बॉडीचा क्रमांक, तारीख, काउंट, शटरची अवस्था आणि खर्चाचा अंदाज. दुरुस्ती थांबवायला सांगितली ती याचसाठी. एकदा जुनं शटर काढलं की यंत्र विकलं त्या स्थितीत उरत नाही, आणि आयोगाला ते तपासणीला पाठवावंसं वाटलं तर पाठवायला काही राहत नाही.

दुसरंही एक कारण आहे. फसवणूक कळल्यावर तुम्ही कॅमेरा दुरुस्त करून चार लग्नं काढलीत, तर तुम्ही करार मान्य केला असं म्हणायला जागा होते. करार रद्द करायचा तर मिळालेलं परत द्यावं लागतं, आणि ते परत देण्याजोगं असावं लागतं. तेव्हा बॉडी, लेन्स, चार्जर, पट्टा, खोका, सगळं एकत्र बांधून ठेवा.

लेन्समध्ये तर दोष नाही, मग तीही परत का? कारण हा एकच व्यवहार होता. तुमच्या कॅनन लेन्स निकॉनच्या बॉडीवर लागत नाहीत, लेन्सपासून सेन्सरपर्यंतचं अंतरच दोन्ही कंपन्यांचं वेगळं, कॅननचं ४४ मिलिमीटर आणि निकॉनचं ४६.५. म्हणून बॉडी बदलली की सगळा संच बदलावा लागतो, आणि दुकानदाराला हे तुमच्याइतकंच माहीत होतं. त्याच्या ३२ हजारांच्या शब्दावर तुम्ही तुमची जुनी हत्यारं त्याच्या हवाली केलीत. म्हणून मागणी अशी करा : ६२,००० रोख परत, आणि कॅननचा संच तसाच्या तसा परत, विकला असेल तर त्याचे ठरलेले १,०५,०००. वर भाड्याचा खर्च आणि मनस्ताप व तक्रारखर्चाची वाजवी भरपाई. भाड्याच्या पावत्या जपा, पुढच्या चार लग्नांच्याही. करार अधिनियमाच्या कलम ७३ मध्ये नुकसान कमी करण्यासाठी तुम्ही काय केलंत तेही बघितलं जातं, आणि भाड्याने कॅमेरा घेऊन काम चालू ठेवणं हे त्याचंच उदाहरण आहे.

पण चार लग्नांचं भाडं परवडत नसेल तर? मला हे वकिलाच्या खुर्चीतून सांगणं सोपं आहे, म्हणून दुसरी वाटही सांगते. कलम १९ च तुम्हाला असाही पर्याय देतं की करार ठेवा आणि सांगितलेलं खरं असतं तर जिथे असता, तिथे आणून ठेवायची मागणी करा. म्हणजे दुरुस्तीचे २९,५०० आणि दोन लाखांवर चाललेल्या बॉडीची घटलेली किंमत. ही वाट धरायची तर आधी अहवाल घ्या, काढलेलं शटर परत मागून ठेवा, दुकानदाराला लेखी कळवा की हक्क राखून दुरुस्ती करत आहे, आणि मगच करा. वस्तू विक्री अधिनियम, १९३० खालीही माल स्वीकारून वापरल्यावर बहुधा भरपाईचाच हक्क उरतो. माझं मत विचाराल तर मी पहिली वाट धरीन, तुमचा पुरावा तेवढा चांगला आहे. पण घरात चूल पेटायची आहे, निर्णय तुमचा.

आधी नोटीस पाठवा, स्पीड पोस्टाने पोचपावतीसह आणि ईमेलनेही, पंधरा दिवसांची मुदत देऊन. कायद्याने ती सक्तीची नाही, पण बऱ्याचदा तिथेच दुकानदार बोलायला येतो. आला तर जे ठरेल ते लिहून घ्या. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावरही नोंद करून ठेवा. नाहीच आला तर सांगलीच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात जा. पुण्याला खेटे घालायची गरज नाही, ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम ३४ नुसार तक्रारदार राहतो त्या ठिकाणी तक्रार करता येते. दिलेली किंमत पाच लाखांच्या आत असल्याने शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, ऑनलाइन दाखल करता येतं. कायदा तीन ते पाच महिन्यांत निकाल द्यायचा प्रयत्न व्हावा म्हणतो, प्रत्यक्षात जास्त लागतात, तेवढी तयारी ठेवा.

पोलिसात जाऊ का, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण कोणीतरी सुचवेलच. फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे, पण दुकानदाराला आकडा आधीपासून ठाऊक होता याचा ठोस धागा हाती येईपर्यंत पोलीस ‘दिवाणी बाब’ म्हणून परत पाठवतील, आणि ती नोंद दुकानदार पुढे दाखवेल. तसंच दुकानाचं नाव घेऊन समाजमाध्यमांवर काही लिहू नका, तडजोडीचं दार बंद होतं.

तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे. तुमच्या बाबतीत मला घाई आहे ती वेगळ्याच कारणाने : तुमचा ५डी मार्क ३ अजून त्या दुकानाच्या काचेमागे असेल, तर नोटीस पोचल्यावर तो विकायला दुकानदार दोनदा विचार करेल. नोटिशीत त्याचा आणि दोन्ही लेन्सचे क्रमांक टाका. जुन्या खोक्यांवर सापडतील.